एक गादी, दोन शिफ्ट

अंबडला एमआयडीसीजवळ आमची रूम. मी दिवसा कोड लिहितो, रूममेट कंपनीत नाइट शिफ्टला. गादी एकच. मी उठलो की तो आडवा, मग चादर धुणार कधी? त्याला शिंका सुरू झाल्या. आम्ही दोष दिला रस्त्यावरच्या धुळीला. डॉक्टर म्हणाले, आधी अंथरूण बघा. त्यात डस्ट माइट्स असतात, डोळ्यांना न दिसणारे. आपल्या त्वचेच्या कोंड्यावर जगतात, दमटपणात वाढतात. 60 अंश गरम पाण्यात मरतात, थंड पाण्यात बरेचसे वाचतात.

आता दोघांच्या चादरी-अभ्रे वेगळे, दर रविवारी गरम पाण्यात. सोलापुरी चादर पावसाळ्यात वाळतच नाही हो, ती कपाटात. मी सातला उठतो, त्याची बस साडेसातला येते. तेवढा अर्धा तास खिडकी उघडी, पंखा फुल, गादी उघडी. शिंका कमी झाल्यात, बंद नाही.