भिंतीवरची पकड

खेड्यातल्या मुलाला चढायला शिकवावे लागत नाही. आंबा आणि चिंच हेच त्याचे गुरू. पण आता काही शाळांतून प्लायवूडच्या चढाई-भिंतीही उभ्या राहू लागल्या आहेत. 2021 साली टोकियोत झालेल्या ऑलिंपिकपासून हा खेळ तिथेही दाखल झाला. भिंतीवर धरायला जे रंगीत गोटे बसवतात, त्यांना होल्ड म्हणतात. आज बोलायचे ते त्यांच्याविषयी.

एका शाळेत मी पाहुणा म्हणून गेलो होतो. सहावीतला एक मुलगा चढला, त्याने होल्ड धरला आणि तो होल्ड गर्रकन फिरला. मुलगा पडला, मनगट मोडले. “पोराचा हात सुटला,” असे सगळे म्हणाले. मी होल्ड काढून पाहिला. बोल्ट आखूड; दोन-तीन आट्यांवरच अडकलेला. मग चूक कोणाची, ते तुम्हीच सांगा!

होल्ड बसतो कसा? भिंतीच्या मागून, भोकात दातेरी टी-नट ठोकलेला असतो. पुढून होल्ड ठेवायचा आणि बहुधा 10 मिलिमीटर जाडीचा बोल्ट आवळायचा. आवळताना नट पुढे ओढला जातो आणि त्याचे दात लाकडात रुततात. म्हणून बोल्टचे पहिले चार फेरे बोटांनीच द्यावेत. बोल्ट तिरका गेला आणि आपण जोर केला, तर आटे जातात, नाही तर नट मागे निखळून पडतो. नटात बोल्ट निदान जाडीइतका, म्हणजे 10 मिलिमीटर तरी, शिरला पाहिजे. पुढे पाना घट्ट होईतो आवळावे; पान्याला नळी लावून ताकद दाखवू नये, होल्डला तडा जातो.

आता होल्ड फिरतो का? एकच बोल्ट म्हणजे गाडीच्या चाकाचा आस. कडेवर भार आला, की चाक फिरणारच. त्यासाठी होल्डला लहान भोक ठेवलेले असते; त्यातून लाकडात एक स्क्रू पिळावा. पावसाळ्यात लाकूड फुगते, उन्हाळ्यात आकसते, आणि बोल्ट सैल पडतो. तेव्हा ऋतू पालटला की प्रत्येक होल्ड हाताने हलवून पाहावा. एरवीही मुले चढण्याआधी एक फेरी मारावी. हललेल्या होल्डवर खडूने फुली मारावी, आणि तो आवळेपर्यंत भिंत बंद.

सिमेंटच्या किंवा विटांच्या भिंतीत होल्ड बसवायचे असतील, तर ते काम जाणत्या माणसावरच सोपवावे.

मुलांना तीन गोष्टी सांगा. अंगठी, कडे काढून ठेवा. कोणी चढत असता खाली उभे राहू नका. पडलात तर गुडघे वाकवा, हात मागे टेकू नका. खाली गाद्या एकमेकींना भिडवून ठेवणे हे मात्र गुरुजींचे काम. लहानांना वर न चढवता आडवे, जमिनीलगत चालवावे. मजा तीच, भीती कमी.

मूल भिंतीवर चढते ते आपल्या भरवशावर. तो भरवसा पान्याने आवळावा लागतो.