मदत कोणाच्या नावावर येते?

(वर्षावास समाप्तीच्या कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर)



२०२५ च्या सप्टेंबरात मराठवाड्यात जो पाऊस झाला, त्यात उभे सोयाबीन कुजले, नदीकाठची माती वाहून गेली. शासनाने मदत जाहीर केली. ती पुरेशी की अपुरी, यावर पुष्कळ बोलले गेले. आम्हांला वेगळाच प्रश्न मांडायचा आहे. ही मदत कोणाच्या नावावर येते?

पद्धत अशी. तलाठी (आता त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणायचे, पण लोकांच्या तोंडी तलाठीच आहे), ग्रामसेवक व कृषी सहायक मिळून पंचनामा करतात. नुकसान ३३ टक्के किंवा जास्त असेल तरच शेतकरी पात्र. २०१५ पूर्वी ही अट ५० टक्क्यांची होती. २०२२ ते २०२६ या काळासाठी केंद्राने ठरवलेले दर जिरायतीला हेक्टरी ८,५००, बागायतीला १७,००० आणि बहुवार्षिक पिकाला २२,५०० रुपये, दोन हेक्टरपर्यंत. २०२५ च्या ऑक्टोबरात राज्य शासनाने मर्यादा तीन हेक्टर केली आणि रब्बीसाठी हेक्टरी १०,००० रुपये वेगळे जाहीर केले. मूळ दराने जिरायती एकराला ३,४०० रुपये पडतात.

हा पैसा सातबाऱ्यावर ज्याचे नाव त्याच्या खात्यावर जातो. बटईदाराचे बघा. अर्धा खर्च त्याचा, घाम पूर्ण त्याचा, गुडघाभर पाण्यात शेंगा वेचणारा तोच. पण करार तोंडी, म्हणून पंचनाम्यात नाव मालकाचे. मालक भला असला तर निम्मे हातावर ठेवतो. नसला तर दाद कोणाकडे मागायची? आपल्या समाजातले किती लोक बटईने शेती करतात, हे येथे बसलेल्यांना सांगायला नको.

गायरान कसणाऱ्यांचे दुखणे याहून जुने आहे. कर्मवीर दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९५९ आणि १९६४-६५ साली भूमिहीनांचे सत्याग्रह झाले, हजारो माणसे तुरुंगात गेली. पुढे २८ नोव्हेंबर १९९१ च्या निर्णयाने १४ एप्रिल १९९० पर्यंतची भूमिहीनांची गायरानावरील अतिक्रमणे नियमित करण्याचे शासनाने ठरवले. तरीही अनेक कुटुंबे सातबाऱ्याबाहेरच राहिली. त्यांचे पीक बुडाले तरी कागदावर काहीच बुडत नाही.

शेतमजुराच्या बुडालेल्या मजुरीचा तर पंचनामाच होत नाही. घर वाहून गेले, पडले किंवा दोन दिवसांहून अधिक पाण्यात राहिले, तर २०२२ ते २०२६ च्या केंद्राच्या निकषांत कपड्यांसाठी २,५०० आणि भांड्यांसाठी २,५०० रुपये आहेत. महिनाभर काम मिळाले नाही, त्याला त्यात उपजीविका गंभीरपणे बाधित झालेल्या कुटुंबांच्या मदतीचा तेवढा रकाना आहे.

ज्यांचे नाव आहे त्यांचेही सारे सुरळीत नसते. आम्ही बँकेत काउंटरच्या आत बसतो, म्हणून ठाऊक आहे. नवरा वारला, वारस नोंद राहिली, बाई रिकाम्या हाताने परत जाते. सामाईक खाते असेल तर इतरांचे संमतीपत्र लागते, आणि दीर पुण्याला! कोणाचे आधार खात्याला जोडलेले नाही, कोणाची ई-केवायसी अंगठा उमटत नाही म्हणून अडते. काही ठिकाणी जुन्या पीककर्जापोटी ही रक्कम रोखून धरली जाते. मदतीच्या रकमेतून कर्जवसुली करू नये, असे शासन निर्णयांत लिहिलेले असते. तेव्हा तोंडी उत्तरावर परत फिरू नका. शाखेत लेखी अर्ज द्या, पोच घ्या, आणि तरीही रक्कम सुटली नाही तर तीच पोच जोडून तहसीलदारांकडे जा.

विद्यार्थी मित्रांना एक काम सांगतो. दिवाळीच्या सुट्टीत गावी जाल तेव्हा मदतीची यादी उतरवून घ्या. तिच्याशेजारी दुसरी यादी करा : प्रत्यक्ष शेत कोण करते, कोणाची वारस नोंद राहिली आहे, गायरान कोण कसते आणि किती वर्षांपासून. दंडाची जुनी पावती किंवा नोटीस कोणाकडे असेल तर तिची झेरॉक्स आणा. अतिक्रमण जुने असल्याचा पुरावा बहुधा तोच असतो. अर्ज लिहायला आम्ही संस्थेच्या वाचनालयात दर रविवारी सकाळी बसू.

जयभीम.