वाण्याची वही आणि घरचें ताट



शिरूर आणि दौंड हे पुणें जिल्ह्याच्या पूर्व अंगाचे दोन तालुके. सह्याद्रि ओलांडून येणारा पाऊस येथवर पोहोंचतां पोहोंचतां थकतो. म्हणून अवर्षणाची ओळख या मुलखाला जुनीच आहे. घोड आणि भीमा या नद्यांच्या कांठीं आज धरणाच्या व कालव्याच्या पाण्यावर ऊंस उभा असतो. रांजणगांव व कुरकुंभ येथें कारखाने आहेत. तरीहि उंसाच्या बांधालगतच्या झोंपडींत आणि कारखान्याजवळच्या भाड्याच्या खोलींत महिनाअखेर पिठाचा डबा वाजूं लागतो. अशा घरानें थोड्या पैशांत सकस अन्न कसें मिळवावें, याचा विचार आज करावयाचा आहे.

विषय चुलीपुरता वाटला तरी लहान नाहीं. १८७५ सालच्या मे महिन्याच्या १२ तारखेस सुपें येथील बाजारांत शेतकऱ्यांनीं सावकारांच्या दुकानांवर हल्ला केला आणि तो दंगा शिरूर तालुक्यांतहि पसरला. दौंडचा मुलूख त्या काळीं भीमथडी तालुक्यांत मोडत असे. सुपेंहि त्याच तालुक्यांतलें. लोकांचा रोख माणसांपेक्षां कर्जरोख्यांवर होता. ते हातीं लागतांच जाळले जात. दाणा उसना देणारा आणि व्याज मोजून घेणारा पुष्कळदां एकच असे. पुढें १८७९ सालीं शेतकऱ्यांच्या संरक्षणासाठीं कायदा झाला.

ते दिवस गेले, पण उधारीची वही गेलेली नाहीं. उधारीनें घेणाऱ्याला भाव विचारण्याचा धीर होत नाहीं, आणि रोजच्या रोज लहान पुडी घेणाऱ्याला तोच जिन्नस महाग पडतो. म्हणून पगार किंवा मजुरी हातीं येतांच टिकाऊ जिन्नस आधीं भरावे : धान्य, कडधान्य, शेंगदाणे, तेल, मीठ. उरलेल्या पैशांतून भाजीपाला. गोडधोड सर्वांच्या शेवटीं.

धान्याचा आरंभ शिधापत्रिकेपासून करावा. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यान्वयें पात्र कुटुंबास दरमाणशीं महिना ५ किलो धान्य मिळतें, आणि जानेवारी २०२३ पासून तें विनामूल्य दिलें जातें. परगांवाहून कामासाठीं आलेल्या कुटुंबालाहि आपल्या पत्रिकेवर येथील दुकानांत तें घेतां येतें. परंतु ५ किलो म्हणजे दिवसाला सुमारें १६५ ग्रॅम. कष्टकऱ्याच्या भुकेचा तो जेमतेम चौथा हिस्सा. शिवाय भात-पोळीनें पोट भरलें तरी शरीराची सर्व उणीव भरून निघत नाहीं. फुकट मिळालेल्या धान्यामुळें जे पैसे वांचले, ते डाळीकडे वळविले तरच त्या शिध्याचें चीज झालें.

येथें या मुलखाचें जुनें शहाणपण उपयोगी पडतें. बाजरींत १०० ग्रॅमांमागें सुमारें ११ ग्रॅम प्रथिनें असतात, आणि लोह पांढऱ्या तांदुळाच्या कितीतरी पट असतें. ज्वारी आतां पुष्कळदां गव्हाहून महाग मिळते, हें खरें. तेव्हां रोज भाकरीचा हट्ट धरूं नये. आठवड्यांत दोनतीन दिवस बाजरी, एरवीं शिध्याचा गहूं, असा मेळ घालावा. कणीक मात्र कोंडा चाळून टाकून दुबळी करूं नये. बाजरीचें पीठ लवकर कडू होतें आणि ज्वारीच्या शिळ्या पिठाची विरी जाते. यास्तव दळण आठवड्यापुरतेंच आणावें.

कडधान्यांत हुलग्याइतका उपेक्षित मित्र दुसरा नाहीं. "हुलगे घोड्याला," असें म्हणून ज्यानें नाक मुरडलें, त्यानें १०० ग्रॅमांमागें सुमारें २२ ग्रॅम प्रथिनें आणि भरपूर लोह दाराबाहेर टाकलें. हुलग्याचे शेंगोळे, माडगें, पिठलें हे पदार्थ याच कोरड्या मुलखानें जतन केले. मटकीला मोड आणले म्हणजे तीच पचावयास हलकी होते आणि तींत क जीवनसत्त्व उत्पन्न होतें. मूठभर शेंगदाण्यांची किंवा कारळ्यांची चटणी भाकरीच्या साध्या घासाला स्निग्धता देते. जेथें अंडें चालतें तेथें एका अंड्यांत सुमारें ६ ग्रॅम उत्तम प्रथिनें मिळतात.

भाजीसाठीं शहरी दुकानाची वाट पाहण्याचें कारण नाहीं. शेवग्याचा पाला, तांदुळजा, चाकवत, घोळ, हरभऱ्याचा कोंवळा शेंडा या भाज्या बांधावर मिळतात किंवा बाजारांत स्वस्त असतात. मात्र औषध फवारलेल्या पिकांतील तण खुडूं नये. पालेभाजी लोखंडी कढईंत करावी आणि ताटांत लिंबाची फोड ठेवावी. आंबट रसानें धान्यांतील लोह अंगीं लागण्यास मदत होते. उलट जेवणावर लगेच चहा घेतला तर त्यास अडथळा होतो.

आतां गळतीचें भोंक पाहूं. चहासाखर, बिस्किटांचे पुडे आणि पोरांच्या हातांतील चुरमुऱ्यांच्या पिशव्या यांवरील दहादहा रुपये कोणी हिशेबांत धरीत नाहीं. महिन्याची वही उघडली म्हणजे त्यांचाच डोंगर दिसतो. त्याच पैशांत भाजलेले फुटाणे, गूळ-शेंगदाणे व हंगामांतील पेरू येतो. मुलांनीं शेजाऱ्याचें पाहून हट्ट केला तर त्यांना दोष देऊं नये. घरांतील मोठ्यांनीं आधीं आपली आवड सुधारावी.

शेवटीं एक गोष्ट काटकसरीच्या सर्व युक्त्यांहून महत्त्वाची आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत महाराष्ट्रांतील १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकीं निम्म्याहून अधिक रक्तक्षीण आढळल्या. पुष्कळ घरांत महागाईशीं तडजोड गृहिणीच्या ताटांत होते. सर्वांचें झाल्यावर ती बसते, कालवण संपलेलें असतें, आणि ती भाकरीबरोबर मीठ-मिरचीवर भागविते. ही बचत नव्हे. हीहि उधारीच आहे. तिची नोंद वाण्याच्या वहींत नसते, पण बाळंतपणांत आणि पाठीच्या कण्यांत ती व्याजासह वसूल होते. म्हणून शेंगोळ्यांचा टोप चुलीवरून उतरला कीं, वाढण्यापूर्वींच तिचा वांटा वेगळा काढून ठेवावा. हा नियम पाळण्यास एक पैचाहि खर्च येत नाहीं.