समासांतली टीप

"आपण तंबाखूचें सेवन करतां काय?" हा प्रश्न मीं तीसेक वर्षांपूर्वीं एका पाहणीसाठीं घरोघर विचारला आहे. शाळामास्तराला अशीं कामें चुकत नाहींत. एका गांवीं ओट्यावर बसलेल्या वृद्ध बाईंनीं उत्तर दिलें, "नाहीं गुरुजी, ह्या घरांत कोणी तंबाखूला शिवत नाहीं." आणि बोलतां बोलतां त्या हिरड्यांवरून मिश्रीचें बोट फिरवीत होत्या! मिश्री म्हणजे भाजलेल्या तंबाखूची पूड. पण त्यांच्या लेखीं तें दांत घासण्याचें साधन. मीं रकान्यांत 'नाहीं' लिहिलें व समासांत 'मिश्री लावतात' अशी टीप दिली. ती पुढें कोणी वाचली असेल, असें मला वाटत नाहीं.

कागदाचें दुखणें हेंच. गठ्ठे कचेरींत जात. तेथें दुसराच कोणी आंकडे उतरून घेई. विडी ओढीत नाहीं म्हणणाऱ्याच्याच पुढच्या रकान्यांत रोजच्या विड्यांची संख्या सांपडे, आणि तोंवर गांव मागें पडलेलें असे. यंत्र अशी विसंगती उत्तर देणारा समोर असतांनाच दाखवितें, गैरलागू प्रश्न गाळितें, आणि इंटरनेट मिळतांच माहिती मुख्य कचेरीकडे पाठवितां येते. आपल्या देशांत २००९-१० सालीं प्रौढांच्या तंबाखूसेवनाची मोठी पाहणी झाली, तींत ६९,२९६ व्यक्तींचीं उत्तरें हातांत मावणाऱ्या यंत्रांवर टिपलीं गेलीं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पहिल्या तीन फेऱ्या कागदावर झाल्या. २०१५-१६ च्या चौथ्या फेरींत सहा लाखांहून अधिक कुटुंबांची माहिती लहान संगणकांवर घेतली गेली. हा बदल मला मनापासून मान्य आहे.

परंतु यंत्रावरच्या ठराविक पर्यायांना समास नसतो. जो पर्याय घातला नाहीं, तें उत्तर नाहींसें होतें. वर सांगितलेल्या तंबाखूच्या पाहणींत तपकीर, गुल ह्यांच्या जोडीनें मिश्रीचेंही नांव घेऊन विचारलें होतें. माझ्या समासांतली टीप तेथें प्रश्नांतच येऊन बसली होती. यंत्र कोणतेंही असो, हें काम आधीं कोणी तरी गांवच्या ओट्यावर बसूनच करावें लागतें.

आतां तर प्रश्नावली थेट लोकांच्या मोबाईलवर धाडतात. समोर परका माणूस नसला म्हणजे लाजेच्या गोष्टी मोकळेपणीं सांगितल्या जातात, हें खरें. पण त्या बाई कांहीं लपवीत नव्हत्या. त्या आपल्या समजुतीप्रमाणें खरेंच बोलत होत्या. नातीनें मोबाईल पुढें धरला असता, तरी त्यांनीं त्याच बोटानें 'नाहीं' वर टेकविलें असतें.