काथ, कच आणि कातकरी

इंग्रजी शब्दकोडीं सोडविणाऱ्यांच्या आणि पटावर अक्षरें मांडून खेळणाऱ्यांच्या वह्यांत पुष्कळ चमत्कारिक शब्द टिपलेले असतात. रोजच्या बोलण्यांत ते येत नाहींत, पण अडचणीच्या वेळीं नेमके उपयोगी पडतात. त्यांच्या अर्थाची चौकशी खेळाडू सहसा करीत नाहीं. शब्द कोशांत आहे एवढें कळलें कीं त्याचें काम भागतें. ‘कॅटेचू’ आणि ‘कच’ हे दोन शब्द याच जातीचे होत.

अमेरिकेंतील आल्फ्रेड बट्स यांनीं १९३८ सालीं रचलेला अक्षरांचा खेळ १९४८ पासून ‘स्क्रॅबल’ या नांवानें विकला जाऊं लागला. त्यांत खेळाडूच्या हाताशीं सात अक्षरें असतात व विरळ अक्षरास अधिक गुण मिळतात. ‘कॅटेचू’चीं इंग्रजी अक्षरें बरोबर सात, व त्यांचे गुण १४. सातही अक्षरें एकाच खेळींत लावल्याबद्दल ५० गुण वेगळे; म्हणजे पटावरील रंगीत घरांचा लाभ न धरतांही ६४. ‘कच’ला १२, आणि त्याच कुळांतील ‘कॅशू’ला १३.

या तिन्ही शब्दांचें मूळ मलायी ‘काचू’कडे नेलें जातें. त्यांतील वस्तु मात्र मराठी घराला परकी नाहीं. ती म्हणजे खैराच्या लांकडाचा तुरट अर्क, विड्याला रंग आणणारा काथ. मराठी ‘काथ’ शब्दाचें नातें संस्कृत ‘क्वाथ’शीं, म्हणजे काढ्याशीं, जोडतात. युरोपांतील औषधविक्रेते एके काळीं या अर्काला ‘टेरा जापोनिका’, म्हणजे जपानची माती, असें म्हणत. ती वस्तु मातीही नव्हती आणि जपानचीही नव्हती. तरी तें नांव दीर्घकाळ टिकलें.

या वस्तूचें एक माहेर मुंबईपासून फार दूर नाहीं. ठाणें जिल्ह्यांतील शहापूर व मुरबाड हे सह्याद्रीच्या पायथ्याचे तालुके. शहापुरांतील तानसा व भातसा या धरणांचें पाणी मुंबईच्या नळांना येतें. मुरबाडहून माळशेज घाट चढून जुन्नराकडे जातां येतें. या दोन्ही तालुक्यांत कातकरी समाजाच्या वाड्या आहेत. ‘काथोडी’ हेंही त्याच समाजाचें नांव, आणि दोन्ही नांवांत काथ आहे. खैर तोडून त्याचा तांबडा गाभा काढावा, त्याच्या ढलप्या पाण्यांत उकळाव्या, रस गाळून आटवावा आणि थिजला कीं त्याच्या वड्या कराव्या, हा त्यांचा पिढीजाद व्यवसाय होता. याच अर्काचा काळसर प्रकार तो ‘कच’. कातडीं कमावण्यास, कापड रंगविण्यास आणि मासेमारीचीं जाळीं टिकविण्यास तो देशोदेशीं वापरला गेला.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत सरकारनें जंगलें राखीव करण्यास आरंभ केला, आणि १८७८ च्या कायद्यानें तो अंमल दृढ झाला. खैरावर पूर्वीप्रमाणें कुऱ्हाड चालविणें अशक्य झालें व काथाचा धंदा कातकऱ्यांच्या हातून गेला. त्यांनीं कोळसा पाडण्याचें काम धरलें आणि पुढें वीटभट्टीची मजुरी पत्करली. पावसाळा सरल्यावर अनेक कुटुंबें आजही मुलाबाळांसह भट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडावर वाडीवर परततात. धंदा गेला, समाजाच्या नांवांत मात्र तो तसाच राहिला.

इंग्रजी कोशांतील अर्थांत झाड आहे, अर्क आहे, त्याचा उपयोगही आहे. तो काढणारा माणूस मात्र नाहीं. कातकऱ्यांची स्वतंत्र बोली आहे, आणि कोणत्याही जुन्या धंद्याप्रमाणें या धंद्याचाही शब्दसंग्रह त्याच्या कामाबरोबर क्षीण होणार. शब्दांचा शौक असलेल्या मंडळींनीं एखाद्या सुटींत शहापूर-मुरबाडकडे जाऊन वाडीवरील वृद्धांपाशीं बसावें, आणि जे शब्द अजून त्यांच्या स्मरणांत असतील ते अर्थासह उतरून घ्यावे. पटावर त्यांना एकही गुण मिळणार नाहीं. परंतु ‘कॅटेचू’चा अर्थ त्यांच्यावांचून पुरा होत नाहीं.