ड्रॅक्युलाला कोण हरवतं?



भुताची गोष्ट रंगात आली की आपण एकमेकींना चिकटून बसतो, पण उठून कोणी जात नाही. आज अशाच एका गाजलेल्या भयकथेबद्दल बोलू या. कादंबरीचं नाव ‘ड्रॅक्युला’. ब्रॅम स्टोकर या आयरिश लेखकाची ही कादंबरी १८९७ साली प्रसिद्ध झाली.

अशा कथांना इंग्रजीत ‘गॉथिक’ म्हणतात. त्यांतली माणसं बहुतेक ठरलेली असतात. जुन्या किल्ल्यातला जुलमी सरदार, त्याच्या तावडीत सापडलेली भोळी मुलगी, तिला सोडवायला धावणारे पुरुष आणि सगळं जाणणारा एक वडीलधारा. ‘ड्रॅक्युला’तही हे सगळे आहेत.

जोनाथन नावाचा तरुण वकील घरखरेदीच्या कामासाठी ट्रान्सिल्व्हेनियातल्या एका किल्ल्यात जातो. हा भाग आज रुमानिया देशात आहे. मालक मोठ्या अगत्याने वागतो. पण घरात एकही नोकर दिसत नाही. आरशात मालकाचं प्रतिबिंब पडत नाही. बाहेर जावं तर दारांना कुलपं! लेखक भूत एकदम समोर आणत नाही, एकेक खूण दाखवतो. म्हणून आपला जीव टांगणीला लागतो.

पुढे ड्रॅक्युला इंग्लंडला येतो. तिथे ल्युसी नावाची मुलगी दिवसेंदिवस पांढरी पडत जाते. तिच्या गळ्यावर दोन बारीक जखमा असतात. व्हॅन हेल्सिंग हे म्हातारे प्राध्यापक तिच्या खोलीत आणि गळ्याभोवती लसणाची फुलं ठेवतात. ती कशासाठी, हे मात्र कोणाला सांगत नाहीत. ल्युसीच्या आईचं हृदय कमजोर, तिला धक्का नको म्हणून तिच्यापासून तर सगळंच लपवलेलं. रात्री आईला फुलांचा उग्र वास सहन होत नाही. ती मायेपोटी फुलं काढते, खिडकी उघडते. आपल्याला धोका ठाऊक आहे, आईला नाही. या एका प्रसंगात किती भीती भरली आहे बघा! ल्युसी पुढे वाचत नाही.

आता मिना. ही जोनाथनची बायको. नवऱ्याची रोजनिशी, डॉक्टरांच्या नोंदी, पत्रं, बातम्या हे सगळं ती टाइप करते आणि तारखेप्रमाणे लावते. प्रत्येकाला थोडंथोडं माहीत होतं. सगळं एकत्र आल्यावर शत्रू कोण आणि कसा, हे उलगडतं.

आणि नेमकं तेव्हाच पुरुष ठरवतात, बाईमाणसाला हे झेपायचं नाही, यापुढे तिला काही सांगायचं नाही. हेतू चांगलाच असतो. पण ते बाहेर शोध घेत फिरतात आणि इकडे ड्रॅक्युला मिनापर्यंत पोहोचतो. ती फिकट दिसते, तर म्हणतात, दमली असेल. ल्युसीचीही सुरुवात अशीच झाली होती, हे त्यांच्या ध्यानातच येत नाही.

डोळे उघडल्यावर ते मिनाला पुन्हा सोबत घेतात. पळून जाणारा ड्रॅक्युला कोणत्या नदीच्या वाटेने जाईल, हे नकाशे आणि कागद पाहून तीच शोधून काढते. शेवटचा वार पुरुषांचा, पण त्या जागेपर्यंत त्यांना नेलं ते मिनाच्या डोक्याने.

म्हणून ही गोष्ट मला आपली वाटते. भोळी मुलगी आणि तिला वाचवणारे पुरुष, हा ठरलेला साचा मिना मोडते. ‘तू घाबरशील’ म्हणून घरातलं कर्ज, आजार, जमिनीचे कागद आपल्यापासून लपवले जातात, तेव्हा आपण सुरक्षित होत नाही, फक्त अंधारात राहतो. विचारायचं, वाचायचं, तारीख घालून लिहून ठेवायचं. गटाच्या बैठकीत आपण इतिवृत्त लिहितो, ते काही उगीच नाही.