सांधा आणि सरस : तंजावरच्या कारागिरीतून एक धडा

(हीरक महोत्सवानिमित्त दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



तंजावर म्हटले की मराठी माणसाला दोन गोष्टी आठवतात. एक म्हणजे सरस्वती महाल ग्रंथालय, ज्याला दुसऱ्या सरफोजीराजांच्या कारकिर्दीत, म्हणजे १७९८ ते १८३२ या काळात, मोठे वैभव लाभले. दुसरी म्हणजे बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर कोरलेला भोसले घराण्याचा प्रदीर्घ मराठी शिलालेख. ग्रंथ आणि शिळा यांच्या बरोबरीने त्या नगराने आणखी एक विद्या सांभाळली, ती लाकडाची. तंजावरची वीणा आणि तंजावरचे चित्र या दोहोंना आज भौगोलिक मानांकन लाभले आहे. दोहोंचा परंपरागत पाया फणसाच्या लाकडाचा आहे, आणि काय कशाने चिकटवावे या प्रश्नाचे उत्तर दोन्ही ठिकाणी विचारपूर्वक दिलेले आढळते. लाकडाचे काम करणाऱ्या, करवून घेणाऱ्या आणि मुलांना ते शिकवू इच्छिणाऱ्या प्रत्येकाला ते उत्तर उपयोगी पडावे.

प्रथम वीणा. घट, दांडी आणि व्यालाचे मुख असे तिचे मुख्य भाग. हे सर्व एकाच ओंडक्यातून कोरून काढले तर ती ‘एकांड’ वीणा. तिच्यात या भागांना सांधा नसतो, म्हणून तिचा मान मोठा. पण एवढा निर्दोष, सलग ओंडका सहज मिळत नाही. म्हणून भाग वेगवेगळे घडवून जोडलेल्या वीणाही बनतात. अशा वीणेच्या सांध्याला तारांची ओढ रात्रंदिवस सोसावी लागते. तो सांधा सुटून चालत नाही.

त्याच वीणेच्या दांडीवर पितळेचे चोवीस पडदे असतात, आणि ते बसवलेले असतात मेणावर. पडद्याची जागा केसभर सरकली तरी स्वर बिघडतो. मेण ऊब लागताच मऊ होते, म्हणून कारागीर कानाने स्वर पारखत पडदा हलवून नेमक्या जागी आणू शकतो. काही वर्षांनी मेण झिजले की पडदे पुन्हा बसवता येतात. तेथे कोणी कडक होणारे, कधीही न सुटणारे रसायन वापरले, तर पडदे पक्के बसतील आणि वीणा कायमची बेसूर राहील. एकाच वाद्यात एक जोड कधीही सुटू नये असा आणि दुसरा हवा तेव्हा सुटावा असा. गोंद निवडण्याचे सारे शास्त्र या एका उदाहरणात आले आहे.

आता चित्र. तंजावरच्या चित्रात फळीवर प्रथम कापड चिकटवतात. त्यावर खडूची किंवा चुनखडीची पूड आणि गोंद यांचे थर चढवतात, उठावाचे काम करतात, खडे बसवतात आणि सोन्याचा वर्ख लावतात. लाकूड हवेतील ओलाव्यानुसार आडव्या दिशेने फुगते आणि आकसते. खडूचा थर मात्र ताणला जात नाही, तो तडकतो. मधले कापड ही ओढाताण बरीचशी सोसून घेते. कापड आणि थर चिकटवण्यासाठी पूर्वी चिंचोक्यांची खळ आणि डिंक वापरत. आज अनेक चित्रकार फणसाच्या फळीऐवजी प्लायवूड आणि खळीऐवजी पांढरा कृत्रिम गोंद वापरतात. खळीला ओल व कीड लागते, पांढऱ्या गोंदाला कीड सहसा लागत नाही. या बदलाला असे सबळ कारण आहे.

भारतातील सुतारकामातही हाच बदल घडला. पूर्वी सुताराजवळ सरसाचे भांडे असे. जनावरांच्या कातड्या-हाडांपासून केलेला सरस पाण्यात भिजत घालून, एका भांड्यात दुसरे भांडे ठेवून, सुमारे ६० अंश सेल्सिअसपर्यंत तापवावा लागे. उकळला तर त्याचे बळ जाई. १९५९ मध्ये फेविकॉल बाजारात आले आणि तापवण्याची ही खटपट हळूहळू संपली. तरीही सरस कालबाह्य झालेला नाही. व्हायोलिन घडवणारे तो आजही वापरतात, कारण ऊब आणि ओलावा दिला की सांधा उघडतो. वाद्याची वरची फळी तर ते मुद्दाम पातळ सरसाने जोडतात. लाकूड आकसले तर फळीला चीर पडण्याआधी सांधा सुटावा, हा त्यामागचा हेतू.

म्हणून गोंदाची बाटली हाती घेण्यापूर्वी चार प्रश्न विचारावेत. सांध्यावर भार कोणता येणार? पाणी किंवा उष्णता लागणार का? पुढे तो उघडावा लागेल का? आणि वापरणाऱ्याच्या शरीराला त्याचा उपद्रव काय?

घरातील कोरड्या जागेच्या सामानाला पांढरा गोंद उत्तम. त्यातील पाणी लाकडात मुरते व हवेत उडते, तेव्हा तो घट्ट होतो. म्हणून पृष्ठभाग ताजा रंधलेला, धूळ व तेल नसलेला हवा, थर पातळ हवा आणि शिकंज्याचा दाब हवा. दाब तासाभराने काढला तरी पूर्ण बळ येण्यास सुमारे २४ तास द्यावेत. लाकडाच्या रेषांना समांतर असलेले पृष्ठभाग असे जोडले तर सांधा लाकडाइतकाच बळकट होतो. रेषांच्या टोकाकडचा कापलेला भाग मात्र गोंद शोषून घेतो. तेथे केवळ गोंदावर विसंबू नये, खाच करून किंवा लाकडी खुंटी घालून जोड द्यावा. सतत ओढ असलेल्या सांध्यात साधा पांढरा गोंद हळूहळू सरकतो, आणि पाण्यात तो टिकत नाही. ओलाव्याच्या जागी जलरोधक प्रकार घ्यावा. फट भरून काढायची असेल तर दोन घटकांचे इपॉक्सी उपयोगी पडते.

चौथा प्रश्न सर्वांत कमी विचारला जातो. सनमाइका चिकटवण्याच्या रबरी गोंदातील द्रावकाची वाफ पेट घेते, हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत पसरते आणि बंद खोलीत डोके जड करते. तेथे विडी, शेगडी, देवघरातील निरांजनही नको. खिडक्या उघड्या हव्यात. इपॉक्सीने त्वचेला कायमची ॲलर्जी जडू शकते, म्हणून हातमोजे घालावेत. ते मोठ्या प्रमाणात एकदम कालवले तर भांड्यातच तापून धूर येतो. क्षणात चिकटणाऱ्या गोंदाने बोटे जुळली तर ओढाताण न करता कोमट साबणाच्या पाण्यात सोडवावीत. डोळ्यात गेल्यास तत्काळ डॉक्टर गाठावा. हा गोंद सुती कापडावर सांडल्यास चटका बसण्याइतकी उष्णता निर्माण होते.

प्लायवूडच्या थरांमध्येही गोंद असतो. युरिया-फॉर्मल्डिहाइडचा गोंद हळूहळू फॉर्मल्डिहाइड वायू सोडतो, आणि २००४ मध्ये आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने तो वायू मानवाला कर्करोगकारक ठरवला. लाकडाच्या भुशाला १९९५ मध्येच त्या यादीत स्थान मिळाले होते. म्हणून मुलांच्या खोलीसाठी प्लायवूड घेताना कमी उत्सर्जनाचा ‘ई-०’ किंवा ‘ई-१’ दर्जा पाहावा, नवे कपाट काही दिवस उघड्या हवेत ठेवावे, आणि घासकाम करताना तोंडाला चांगला मास्क बांधावा. नैसर्गिक ते निरुपद्रवी, हाही भ्रम आहे. पुस्तकबांधणीच्या खळीत कीड लागू नये म्हणून मोरचूद घालण्याची रीत आहे, आणि मोरचूद विषारी आहे.

शाळेतल्या हस्तव्यवसायाच्या तासाला मूल दोन फळ्या चिकटवते, तेव्हा ते एवढे सर्व शिकू शकते : पदार्थाचा स्वभाव ओळखणे, बाटलीवरची सूचना वाचणे, दाब देऊन थांबणे. घाई केलेला सांधा त्याच दिवशी चांगला दिसतो, त्याचा दोष पुढच्या पावसाळ्यात कळतो. साठ वर्षांच्या या शाळेने अनेक पिढ्यांना अक्षर दिले. त्याच्या जोडीला हाताचे हे शहाणपणही पुढच्या पिढ्यांना मिळावे, आणि ते शिकताना कोणाच्या डोळ्यांना, हातांना वा श्वासाला इजा न व्हावी, एवढी सदिच्छा.